कोरेशाच्या भरवशावर

प्रभाकर पाटोळ्यांना याद्या करायचा नाद होता. नाद म्हटलं की लोकांना पत्ते, दारू नाहीतर तमाशा आठवतो. हा त्यातला नव्हता, म्हणून बायकोने पंचवीस वर्षं खपवून घेतला. किराण्याची यादी सगळेच करतात. पाटोळे गावाला जाताना बॅगेत काय भरलं याची यादी बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवायचे आणि विमानतळावर सोडायला कोण कोण आलं याची दुसरी यादी खिशात ठेवायचे. सुखदा, म्हणजे त्यांची बायको, आखातात जाब्रियाला एका क्लिनिकमध्ये नर्स होती. ती मैत्रिणींना सांगायची, "लग्नात मला बघून ह्यांना काय वाटलं ते विचारू नका. पंगतीला कोण कोण होतं ते विचारा. तोंडपाठ आहे."

ह्याच नादाने त्यांना पोटाला लावलं होतं. नेवाशाकडच्या मिशन शाळेत शिकलेला हा माणूस जाब्रियातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या तळघरात एकोणीस वर्षं रुग्णांच्या फायली सांभाळत होता. वर सगळं कॉम्प्युटरवर गेलं तरी खाली चाळीस हजार जुन्या फायली होत्या, आणि त्यातली एखादी सापडत नसली की वरून फोन यायचा. पाटोळे चष्मा कपाळावर चढवायचे, नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे करून त्या फळीवर जायचे, आणि दहातल्या आठ वेळा फाइल तिथेच निघायची. सत्तेचाळीसची चौऱ्याहत्तरात. "कागद कधी हरवत नसतो," ते म्हणायचे. "एकदा नंबर पडला, की तो जगतो. माणूस मेलं तरी त्याची फाइल मरत नाही." हे वाक्य ते अभिमानाने म्हणायचे. त्यात भ्यायला काही आहे, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

शुक्रवारी मात्र ते वेगळे असायचे. पांढरा शर्ट, केसांना तेल, हातात बायबल. जाब्रियातल्याच एका व्हिलाच्या तळघरात मराठी मंडळीची उपासना भरायची. नर्सा, एक्स-रेवाले, ड्रायव्हर, दोन तेल कंपनीतले इंजिनिअर आणि त्यांची इंग्रजीत उत्तरं देणारी पोरं, अशी सगळी मिळून त्रेचाळीस डोकी. ही संख्या पाटोळ्यांची, म्हणजे पक्की. पाळक भारतातून वर्षातून दोनदा यायचे, एरवी मंडळीचे 'वडील', म्हणजे नेमलेले ज्येष्ठ, म्हणून शास्त्रपाठ वाचायचं आणि समजावून सांगायचं काम पाटोळ्यांकडे होतं. ते फिरून फिरून एकाच गोष्टीवर यायचे. यहुदी लोक बाबेलच्या बंदिवासात, यरुशलेमचं मंदिर जळून पडलेलं, सत्तर वर्षं उपासनेला जागा नाही. आणि मग पारसाचा राजा कोरेश उठतो. यहुद्यांच्या देवाला न ओळखणारा, परका, परधर्मी. तोच म्हणतो की जा, आपल्या देवाचं मंदिर बांधा, लुटून आणलेली भांडी घेऊन जा.

"आमच्याकडे कालव्याला पाटकरी असतो," पाटोळे सांगायचे. "पाणी काही त्याच्या बापाचं नसतं. पाऊस त्याने पाडला नाही, धरण त्याने बांधलं नाही. पण दाराचं चाक त्याच्या हातात. देवाला आपल्या वाफ्यात पाणी सोडायचं असलं, की तो पाटकऱ्याला उठवतो. मग तो पाटकरी देव मानो की न मानो."

नर्मदा हे ऐकताना मान डोलवायची. ती जालन्याकडची. पंचेचाळिशीची, ठेंगणी, आणि आवाज असा की तिने पहिलं भजन उचललं की तबलजीला सूर शोधावा लागायचा नाही. आठ वर्षांपूर्वी ती एका म्हातारीच्या सेवेला म्हणून घरकामाच्या व्हिसावर आली होती. म्हातारी वारली. मग त्या घरचे तिला आज ह्या पाहुण्याकडे, उद्या त्या पाहुण्याकडे, उसनी घागर पाठवावी तशी पाठवू लागले. एका सकाळी नर्मदा पिशवी घेऊन निघाली, आणि कफीलाने, म्हणजे व्हिसा काढणाऱ्या मालकाने, ती पळून गेल्याची तक्रार नोंदवली. तेव्हापासून तिचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, गेलेला. फरवानियात सहा बायकांच्या खोलीत एक खाट, जाब्रियात तीन घरी पोळ्याभाजी. मधे सरकारने माफीची मुदत दिली होती, दंड न भरता निघून जायची. ती गेली नाही. पोरगी जालन्याला नर्सिंगला होती, शेवटचं वर्ष उरलेलं. "ती टोपी घालंस्तोवर मी हितंच," एवढंच म्हणाली. पोलिसांची गाडी दिसली की बाजूच्या बकाल्यात, किराणा दुकानात, शिरायचं आणि दह्याच्या डब्यावरची तारीख वाचत उभं राहायचं, हे तिने स्वतःचं स्वतः शिकून घेतलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, साडेअकराला, भजन चालू असताना दोन माणसं जिना उतरून आली. ओरडली नाहीत, आत आली नाहीत. एकाने दाराशी काढून ठेवलेल्या चपला-बुटांचा फोटो काढला. ओळीने, सगळ्या. दुसऱ्याने हसून विचारलं, इथे किती लोक जमतात? पाटोळ्यांनी लगेच सांगितलं, त्रेचाळीस. तो आभार मानत "शुक्रन" म्हणाला, आणि दोघे निघून गेले.

सुखदा घरी येताना म्हणाली, "पंधरा-वीस म्हणायला काय झालं होतं?"

"त्याने बूट मोजले असते तर?"

"मग त्याला विचारायची गरज काय होती?"

मंगळवारी व्हिलाच्या तळघराला कागद डकवलेला होता. राहत्या घरात जमाव भरवता येत नाही, जागा बंद. शेजारच्या कोणीतरी तक्रार केली होती. घरमालक भला माणूस होता, तो छातीवर हात ठेवून माफी मागत राहिला आणि बोलता बोलता त्याने फाटक लावून घेतलं.

पुढचे शुक्रवार कोणाच्या कोणाच्या हॉलमध्ये गेले. खिडक्या बंद, तबल्यावर टॉवेल. एकदम त्रेचाळीस माणसं जिना चढली तर इमारतीचा राखणदार, हारिस, विचारणार, म्हणून पाच-पाच मिनिटांनी दोघं-तिघं. भजन कुजबुजत म्हणायचं म्हणजे काय, हे त्या लोकांनी त्या महिन्यात शिकून घेतलं. नर्मदाला ते जमेना. तिचा आवाज दाबला की फाटायचा. मग ती नुसतेच ओठ हलवू लागली. माणसं गळायला लागली; कोणाची ड्यूटी, कोणाचं पोरगं आजारी. चौथ्या शुक्रवारी सतरा भरले. पाटोळ्यांनी आकडा लिहिला आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

तेव्हा त्यांना अबू फहद आठवला.

अबू फहद दस्मानकडच्या एका सरकारी कचेरीत बऱ्यापैकी मोठ्या खुर्चीवर होता. वर्षभरापूर्वी त्याच्या आईच्या मोठ्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना तिची बारा वर्षांपूर्वीची फाइल हवी होती, आणि ती कुठेच मिळेना. पाटोळ्यांनी दोन दिवस तळघरात काढले आणि ती भलत्याच फळीवर, एका लहान मुलाच्या फायलीच्या पोटात अडकलेली काढली. तिच्यात एका औषधाची नोंद होती, म्हातारीला न सोसणाऱ्या. डॉक्टर म्हणाले, हे कळलं नसतं तर अवघड होतं. अबू फहद स्वतः जिना उतरून तळघरात आला होता. म्हणाला होता, तुला कधी काही लागलं तर माझ्याकडे ये.

पाटोळे गेले. कचेरीच्या खिडकीतून समुद्र दिसत होता, राखेच्या रंगाचा. अबू फहदने चहा मागवला, सगळं ऐकलं, आणि अरबी-इंग्रजीची खिचडी करत सांगितलं: शहरात चर्चचं जुनं आवार आहे, तिथे बऱ्याच भाषांच्या लोकांना वेळ वाटून दिलेली असते. एक खोली शुक्रवारी दुपारी रिकामी असावी. माझ्या ओळखीतून विचारतो. तू एक अर्ज आण. किती लोक, जबाबदार कोण, एवढंच.

बाहेर येईपर्यंत पाटोळ्यांचे डोळे भरले होते. त्यांचा कोरेश सापडला होता.

अर्ज अरबीत हवा, म्हणून ते तौफीककडे गेले. तौफीक दापोलीकडचा, हॉस्पिटलचा मंदूब; म्हणजे सगळ्यांचे इकामे, परवाने, शिक्के यांच्यासाठी कचेऱ्यांतून हिंडणारा माणूस. वीस वर्षांत त्याने इतक्या रांगा लावल्या होत्या की खुर्चीवर बसला तरी पुढच्याची पाठ बघतोय असं वाटायचं.

"काय पाटोळेसाहेब, देवळाचं बांधकाम कुठवर आलंय?" त्याने विचारलं.

पाटोळ्यांनी त्याला अर्जाचं सांगितलं आणि मग न विचारता कोरेशाचंही सांगितलं. तौफीक चहात बिस्किट बुडवत ऐकत राहिला.

"बरा होता राजा," तो म्हणाला. "पण त्याचा काय फायदा?"

"देवाने त्याचं मन—"

"ते झालंच हो. वरचा करतोच. पण खाली बसलेल्याचा काय फायदा? तुमच्या राजाला सरहद्दीवर गप रहाणारी रयत हवी असंल. आपापल्या देवाला भजतायत, राजाला दुवा देतायत, झगडा नाय. म्हणून सोडलंन. उद्या फायदा नसता तर?"

"मग देवाने दुसरा राजा उठवला असता."

"हां. आणि मधल्या काळात?"

मधल्या काळाचा भाग पाटोळे उपासनेतही भरभर वाचायचे. कोरेशानंतर शेजाऱ्यांनी तक्रार लिहिली होती. दुसऱ्या राजाने जुनं दफ्तर काढून बघितलं, तर ह्या शहराने पूर्वी बंडं केल्याची नोंद निघाली, आणि बांधकाम बंद पडलं. पुढे दारयावेश राजाने दफ्तर शोधायला लावलं तेव्हा कोरेशाचं फर्मान सापडलं आणि काम सुरू झालं. पाटोळ्यांना दुसरा शोध फार आवडायचा. पहिल्या शोधाबद्दल त्यांनी कधी फारसं सांगितलं नव्हतं.

तौफीकने अर्ज टाइप केला. शेवटी म्हणाला, "आकडा टाकलाय, त्रेचाळीस. तुमचं नाव टाकलंय. आता नावांची यादी वगैरे काय जोडू नका. मागितलीन नाय ना? मग नाय द्यायची. आणि हातात द्या, त्याच्या हातात. वारिदला टाकू नका."

वारिद म्हणजे आवक. कचेरीत आलेल्या कागदावर शिक्का मारून नंबर घालायची खिडकी.

"बिगर नंबराचा कागद म्हणजे कागद आहे का?" पाटोळे म्हणाले. "उद्या त्याची बदली झाली तर? आपल्याकडे पुरावा काय?"

"पुरावा दोन्हीकडून असतो, साहेब."

पाटोळ्यांनी मान हलवली. पण घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर कोरे कागद काढून बसले.

सुखदाने मागून बघितलं. पहिल्या ओळीत पाटोळे प्रभाकर, दुसरीत ती स्वतः, पुढे सिव्हिल आयडीचा बारा आकडी नंबर, राहण्याचा पत्ता. पट्टीने आखलेले रकाने. "तौफीकभाई नको म्हणाले ना?"

"तो धंदेवाईक माणूस. हे देवाचं काम आहे. बाबेलहून लोक परत निघाले तेव्हा घराणंवार यादी केली होती. माणसांची केली, गाढवांचीसुद्धा केली. ज्यांची नावं यादीत सापडली नाहीत त्यांना बाजूला बसवलं."

"मग नर्मदाचं?"

पाटोळ्यांचा पेन थांबला.

"अहो, तिचं नका घालू. चार-पाच जणांचे कागद कच्चे आहेत, मला एकीचं तर पक्कं ठाऊक आहे. बेचाळीस लिहा. कोण मोजायला येतंय."

"अर्जात त्रेचाळीस आहे. आणि मी कोणाला वगळू? पहिलं भजन उचलणारीला? देव ज्या माणसाच्या हातून काम करतोय त्याच्याशी आपण लबाडी करायची?"

"लबाडी करू नका. गप्प बसा. त्याला लबाडी म्हणत नाहीत."

त्यांनी दुसऱ्या दिवशी नर्मदाला फोन केला. परवानगी विचारली असं त्यांना पुढे वाटत राहिलं. खरं म्हणजे त्यांनी नंबर विचारला होता. नर्मदाने संपलेलं कार्ड काढून बारा आकडे वाचून दाखवले. कार्ड संपतं, नंबर संपत नाही.

"भाऊ, माझं नाव लिवायलेत व्हय?" ती म्हणाली. "सरकारात?"

"मंडळीच्या यादीत. एकतिसावं."

"लिवा मग. तुमी कुठं वाईट करताल."

पाटोळे अर्ज आणि यादी घेऊन दस्मानला गेले. अबू फहद मीटिंगमध्ये होता. शिपाई म्हणाला, द्या, मी ठेवतो. पाटोळ्यांनी दिले नाहीत. ते खाली आवक खिडकीवर गेले, पाऊण तास रांगेत उभे राहिले, दोन्ही कागदांवर शिक्का मारून घेतला, नंबर पडलेली पोच मागून घेतली आणि ती घडी करून बायबलात ठेवली. एवढं चोख काम त्यांनी बऱ्याच दिवसांत केलेलं नव्हतं.

मग तीन आठवडे काही झालं नाही.

एप्रिलात धुळीचे दिवस सुरू झाले. सकाळी खिडकीबाहेर बघावं तर आभाळ हळदीच्या पाण्यासारखं, समोरची इमारत पुसून टाकलेली. दाराखालून धूळ यायची, दातात लागायची. फरवानियात त्याच आठवड्यात तपासण्या वाढल्या. दोन गल्ल्यांची तोंडं अडवून बसमधून माणसं नेली, असं बसमधलेच लोक सांगत. तपासण्या दरवर्षी होतात. पाटोळे स्वतःला हेच सांगत होते. पण हॉस्पिटलच्या तळघरात फोन वाजला की त्यांच्या हातातली फाइल फळीवर जायची थांबायची.

एका बुधवारी तो फोन आला. कोणी बाई होती, दस्मानच्या कचेरीतून, आवाज अगदी गोड. यादीतल्या काही नावांबद्दल थोडी माहिती हवी होती. नंबर बारा, त्यांचा कफील कोण? नंबर एकोणीस, हे सध्या कुठे काम करतात? आणि नंबर एकतीस. त्या तुमच्याकडे राहतात का?

"नाही," पाटोळे म्हणाले.

"कुठे राहतात?"

यादीत पत्त्याचा रकाना होता. नर्मदाच्या पुढे त्यांनी फरवानिया, गल्लीचा नंबर, इमारतीचा नंबर, चौथा मजला असं सगळं लिहिलं होतं. स्वच्छ अक्षरात. म्हणजे बाईला पत्ता माहीत होता. ती विचारून बघत होती.

"यादीत आहे तेच," ते म्हणाले.

"शुक्रन," बाई म्हणाली. "रविवारी दहा वाजता या."

त्या शनिवारी पाटोळे दिवसभर हॉलमधल्या खुर्चीवर बसून होते. सुखदाने एकदाही "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. त्याने त्यांना जास्त भीती वाटली.

रविवारी अबू फहदच्या टेबलावर अर्ज होता, यादी होती, आणि यादीवर लाल पेनने पाच ठिकाणी बारीक टिंबं होती. चहा आला. अबू फहदने दार लावून घेतलं.

"खोली मिळाली," तो म्हणाला. "शुक्रवार, एक ते अडीच. गाणं म्हणा, वाजवा, काही करा. आवारात कोणी तक्रार करणार नाही."

पाटोळ्यांनी कप खाली ठेवला.

"पण हे," त्याने टिंबांवर बोट ठेवलं, "हे पाच. एकाचा इकामा दुकानाचा आहे, काम दुसरीकडे करतो. एकीची आई भेटीच्या व्हिसावर आली ती गेलीच नाही. आणि ही एकतीस. हिच्यावर पळून गेल्याची नोंद आहे." त्याने वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या शहाण्या पोराने नको ते केल्यावर मास्तर बघतो तसा तो बघत होता. "मी तुला नावं मागितली होती का?"

"नाही."

"मग?"

कोरेश, बाबेल, घराणंवार यादी, यातलं काहीही त्या खोलीत बोलण्यासारखं नव्हतं. "मी रेकॉर्डचा माणूस आहे," पाटोळे म्हणाले.

अबू फहद किंचित हसला. कोरा कागद पुढे सरकवला. "लिही. अडतीस. खाली आजची तारीख. आवाराच्या दारावरचा माणूस याच यादीशी कार्ड ताडून आत सोडेल."

म्हणजे पाच जण आत येणार नाहीत. पाटोळ्यांनी हे विचारलं नाही, कारण उत्तर कागदावरच होतं. त्यांनी लिहायला घेतलं. अकरा नावं झाली आणि त्यांनी तेराव्यासमोर बारा लिहिलं. अठरापर्यंत जाताना दोन आकड्यांचा फरक पडला. तिसाव्या नावानंतर बत्तिसावं आलं तेव्हा पेन कागदात रुतला, पण अक्षर बिघडलं नाही. इतक्या वर्षांची सवय.

सही केली. मग त्यांनी जुन्या यादीकडे हात केला. "ही मी घेऊन जाऊ?"

अबू फहदने यादी उचलली, वरच्या कोपऱ्यातला शिक्का त्यांच्याकडे फिरवून दाखवला. आवक नंबर, तारीख, वेळ.

"माझ्या हातात दिली असतीस, तर तुझ्यासमोर फाडली असती," तो म्हणाला. "तू नंबर पाडून घेतलास. आता ही माझी नाही, दफ्तराची आहे. मी पुढे पाठवणार नाही. पण मी इथे कायमचा बसलेलो नाही."

पाटोळ्यांना तळघर दिसलं. चाळीस हजार फायली, आणि कपाळावर चष्मा चढवून फळीपाशी उभा असलेला कोणीतरी, शेवटचे दोन आकडे उलटे करून बघणारा. मनापासून, चिकाटीने, कोणाचंही वाईट न चिंतता.

दाराशी अबू फहद म्हणाला, "माझ्या आईसाठी प्रार्थना करा. ती परत आजारी आहे." हे तो खरं बोलत होता.

नर्मदाला सांगायचं काम सुखदा करते म्हणाली. पाटोळे नको म्हणाले. गुरुवारी दुपारी नर्मदा जाब्रियातलं काम उरकून त्यांच्या घरी आली, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. क्रमाने सांगितलं, एकही गोष्ट न गाळता.

ती चहा पीत ऐकत होती. "म्हंजे देऊळ उघडलं," ती म्हणाली.

"उघडलं."

"मग ब्येस झालं. शुक्रवारी मला झोपाया मिळंल. आठ वरसं झाली, दुपारी झोपले न्हाई." ती हसलीसुद्धा. मग कप बशीत फिरवत म्हणाली, "भाऊ, ते जुनं कागूद फाडलं का?"

सुखदाने नवऱ्याकडे बघितलं. एवढं एक वाक्य हा माणूस खोटं बोलेल अशी तिला क्षणभर आशा वाटली.

"नाही," पाटोळे म्हणाले. "नंबर पडलाय त्याच्यावर."

"त्यात माझ्या खोलीचा पत्ता हाय?"

"आहे."

नर्मदाने कप धुतला, उपडा घातला, पदर खोचला. "पोरीची परीक्षा जूनात हाय," ती सुखदाला म्हणाली. मग चपला घालून निघाली.

शुक्रवारी एक वाजता आवारातली खोली उघडली. उंच छत, पंखे, भिंतीला लावलेल्या स्टीलच्या खुर्च्या. बाजूच्या खोलीत फिलिपिनो लोकांचं गाणं नुकतं संपत होतं, पलीकडे मल्याळी जमत होते. दारावरच्या माणसाने कार्ड बघत एकेकाला आत घेतलं, अडतीस खुणा केल्या. कोणाच्याही डोळ्यांत पाणी यावं असा दिवस होता, आणि काहींच्या आलंही. एका इंजिनिअरची मुलगी म्हणाली, "फायनली, वी कॅन सिंग लाउड." पहिलं भजन सुखदाने उचललं. दोन सूर वर गेलं, तबलजी मागे धावला, तिसऱ्या कडव्यात सगळे दमले.

पाटोळे पाठ सांगायला उभे राहिले. आज दारयावेशाचा शोध, फर्मान, पुन्हा सुरू झालेली उपासना सांगायची, सगळ्यांना तेच अपेक्षित होतं. त्यांनी त्याआधीचा शोध सांगितला. तेच राजवाडे, तीच दफ्तरं, तोच कारकून असेल कदाचित. त्याला सांगितलं बंडाचे कागद काढ, त्याने ते काढले. काही वर्षांनी सांगितलं फर्मान काढ, त्याने ते काढलं. "देव राजाच्या हातून आपलं काम करून घेतो, हे खरंय," ते म्हणाले. "आजच बघितलं आपण. पण राजाचा हात राजाचाच राहतो. ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही." मग त्यांनी अबू फहदच्या आईसाठी प्रार्थना केली, देशाच्या राज्यकर्त्यांसाठी केली. आतल्या अडतीस जणांसाठी केली आणि बाहेरच्या पाचांसाठी केली. नावं घेतली नाहीत. एरवी ते एकेकाचं नाव घ्यायचे. मंडळीत हे पहिल्यांदाच घडत होतं आणि काही जणांनी डोळे उघडून बघितलं.

अडीचला ते सुखदाला घरी पाठवून एकटेच फरवानियाच्या बसमध्ये बसले. धूळ बसली नव्हती. गल्लीत दुकानं अर्धी उघडी होती, माणसं भिंतीच्या कडेकडेने चालत होती. चार मजले चढून त्यांनी दार वाजवलं. आतला आवाज एकदम थांबला. बऱ्याच वेळाने साखळी न काढता दार बोटभर उघडलं. आंध्राकडची कोणी बाई होती, ओल्या केसांना टॉवेल बांधलेला.

"नर्मदा है?"

"नर्मदा कोई नहीं है इधर."

"मैं चर्च से आया हूं. उसका भाई समझो."

बाईने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. पांढरा शर्ट, तेल, बायबल. "लिस्टवाले अंकल?"

नाही म्हणता आलं असतं. "हां," पाटोळे म्हणाले.

"वो कल चली गई. खाट भी दूसरी को दे दी."

"कहां गई? फोन बंद आ रहा है. सिर्फ इतना बता दो, ठीक है ना?"

बाई बोलायला गेली आणि थांबली. तिच्या चेहऱ्यावर कीवही होती. "अंकल, बुरा मत मानना," ती हळूच म्हणाली. "तुमको बताया तो तुम लिख लेगा."

दार लागलं. आधी वरची कडी, मग खालची. पाटोळे तिथेच उभे राहिले. ती जिथे असेल तिथे पोलिसांना सापडू नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि आपल्यालाही सापडू नये, हे त्यांना आता कळत होतं. तरी ते दाराशी वाकले आणि आत कोण ऐकतंय याचा विचार न करता मराठीत म्हणाले की जूनपर्यंत मी इकडे येणार नाही, कोणाला विचारणार नाही. आतून पंख्याचा आवाज येत होता. खाली गल्लीच्या तोंडाशी एक गाडी येऊन थांबली, दारं उघडल्याचे आवाज झाले, आणि सगळ्या मजल्यांवरच्या खोल्या एकाएकी गप्प झाल्या.